पाचाचा आवाज

बँकेचं यंत्र म्हणालं, "मराठीसाठी पाच दाबा." आमच्या तात्यांनी मोबाईलवर पाच दाबला. आवाज नाही, म्हणून पुन्हा दाबला. मग कुठे एक केविलवाणं 'टिक्' उमटलं आणि यंत्राने तात्यांनाच चुकीचं ठरवलं!

अहो, अमेरिकेत १९६३ साली बटणांचे फोन आले, तेव्हापासून पाचाचा आवाज ठरलेला आहे : ७७० आणि १३३६ हर्ट्‌झचे दोन सूर एकदम. मोबाईलमधून पलीकडे जातो नुसता संदेश. कानातला सूर आपल्यापुरता. म्हणूनच सॉफ्टवेअरवाले त्याची हेळसांड करतात. पण साहेब, तात्यांची तीच पोचपावती! बोट टेकताच वाजवा, उचलेपर्यंत वाजवा. नाहीतर तात्या पुन्हा बँकेच्या रांगेत. तिथे निदान शिक्का तरी 'धप्प' वाजतो!