कुत्र्याची चरबीची गाठ : पहिलं ऑपरेशन विचार करूनच

मी माणसांचा डॉक्टर, पशुवैद्य नाही. पण पेशंट घरच्या कुत्र्याच्या गाठीबद्दल मलाही विचारतात. "चरबीचीच तर गाठ आहे, काढून टाकली की झालं," हे वाक्य त्यात हमखास असतं. ते प्रत्येक गाठीला लागू नाही.

साधी चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, त्वचेखाली मऊ लागते आणि बोटाखाली सरकते. वाढत नसेल, हालचालीला अडथळा नसेल, तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. 'इन्फिल्ट्रेटिव्ह लायपोमा' मात्र वेगळा. यातली चरबी वेगळी न राहता स्नायूंच्या तंतूंमध्ये शिरते. गाठ एका जागी रुतलेली लागते, कधी कुत्रा लंगडतो. लॅब्रेडॉरमध्ये ही जास्त आढळते. ती सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही, पण आहे तिथे वाढत राहते.

सुईने नमुना घेऊन तपासणी जरूर करा, कारण वरून तशाच दिसणाऱ्या काही गाठी कॅन्सरच्या असतात. पण साधी गाठ आणि ही गाठ यांतला फरक सुईला कळत नाही. दोन्हींत चरबीच येते. गाठ कुठवर शिरली आहे, हे सीटी स्कॅन किंवा एमआरआय दाखवतो.

खर्च ऐकून बरेच जण स्कॅन टाळतात. माझं मत उलट आहे. ही गाठ नुसती सोलून काढली तर स्नायूत उरलेली चरबी पुन्हा वाढते. ऑपरेशननंतर साधारण एक तृतीयांश ते निम्म्या कुत्र्यांत ती परतल्याच्या नोंदी आहेत. म्हणून शक्य तिथे आजूबाजूचा थोडा स्नायूही काढावा लागतो. पायात खोलवर असेल तर क्वचित पायही काढावा लागतो. बहुतेक कुत्री तीन पायांवर छान फिरतात. पूर्ण निघत नसेल तिथे रेडिएशनचा उपयोग होतो, पण ती सोय सगळीकडे नाही. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी आधीच्या व्रणामुळे काम अवघड होतं. म्हणून पैसे खर्च करायचेच, तर पहिल्या ऑपरेशनआधी करा.

कुत्रा म्हातारा असेल आणि गाठीचा त्रास नसेल, तर ऑपरेशन न करणं हाही योग्य निर्णय असू शकतो. तेल, लेप, मालिश यांनी मात्र गाठ विरघळत नाही.

तुमच्या पशुवैद्यांना तीन प्रश्न विचारा : गाठ सरकते की रुतलेली आहे? स्कॅन लागेल का? पूर्ण निघाली नाही तर पुढे काय? उत्तरं मिळाल्यावरच ऑपरेशनची तारीख ठरवा.