मेलेला मासा आणि घरांतला समुद्र

घरीं समुद्रमत्स्यांची कांचटाकी ठेवणाऱ्यांवर हा प्रसंग केव्हां तरी येतोच. मासा मेला तर काय करावें? करावयाचें थोडें आहे, परंतु तें लगेच केलें पाहिजे. "सायंकाळीं पाहूं" असें म्हणण्याचा हा विषय नव्हे.

कलेवर कुजूं लागलें कीं पाण्यांत अमोनिया उतरतो. समुद्राचें पाणी अल्कधर्मी, म्हणजे सुमारें ८.२ पीएचचें असतें. त्यामुळें अमोनियाचा खरा विषारी अंश ७ पीएचच्या गोड्या पाण्याच्या मानानें सुमारें दहापट होतो. टाकींतील उपकारक जंतु त्याचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट करतात खरे. पण लहान टाकींत वीतभर मासा कुजला तर त्यांचें बळ पुरत नाहीं, आणि एकामागून एक मासे जाऊं लागतात. लोक तिला सांथ समजतात. पुष्कळदां ती विषबाधा असते.

म्हणून कलेवर जाळीनें ताबडतोब काढावें. दिसलें नाहीं तर खडकांच्या फटी पाहाव्यात; परंतु लहानसा मासा शंखांतले खेकडे व कृमि एका रात्रींत फस्त करतात, तेव्हां त्यासाठीं सगळी टाकी उपसूं नये. अमोनिया तपासून चतुर्थांश पाणी बदलावें. नवें पाणी १.०२५ विशिष्ट गुरुत्वाचें व त्याच उष्णमानाचें असावें. हाताला जखम असेल तर दुसऱ्यास काम सांगावें. १९२६ सालीं ॲरन्सन यांना फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयांतील मेलेल्या माशांत क्षयजंतूच्या कुळांतील जो जंतु सांपडला, तो माणसाच्या त्वचेवरहि चिवट गांठी उठवितो. सुतकाचा प्रश्न आजीबाईंवर सोंपवावा. हात मात्र साबणानें धुवावेत.

मुलें शाळेंत असतां गुपचूप तसाच दुसरा मासा आणून सोडण्याची युक्ति कित्येक घरीं करतात. ती मला मुळींच पसंत नाहीं. मुलांची नजर तीक्ष्ण असते, आणि एकदां लबाडी कळली कीं पुढें आईबापांच्या खऱ्या बोलण्यावरहि त्यांचा विश्वास बसत नाहीं. त्यापेक्षां, मेलेला विदूषक-मासा, म्हणजे बाजारांतला क्लाउनफिश, असेल तर त्यांना खरी नवलाई सांगावी: जोडींतील मोठी ती मादी, ती गेली म्हणजे मागें राहिलेला नर कांहीं काळानें स्वतःच मादी होतो! तेव्हां नवा सोबती लहानच आणावा, आणि तोहि अमोनिया शून्यावर आल्यानंतर.

कलेवर खाडींत टाकूं नये, त्याबरोबर रोगहि तेथें जाईल. तें कुंडींत खोल पुरावें. काढलेलें पाणी मात्र मोरींत ओतावें, तुळशीला घालूं नये. एवढ्या मिठानें ती वाळेल.