वरून धड, आतून चीर

बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो. आत चीर असली तर आवाजच सांगतो. पण प्रत्येक वस्तूची चीर अशी बोलत नाही.

१६ जुलै २००२ रोजी इंग्लंडच्या पूर्वेस उत्तर समुद्रात, गॅसविहिरींवरच्या कामगारांची ने-आण करणारे सिकॉर्स्की एस-७६ हेलिकॉप्टर कोसळले. आतली ११ ही माणसे गेली. डोक्यावरच्या पंख्याचे एक पाते उडता उडता तुटले होते.

चौकशीत त्याचे कारण उलगडले. या पात्यावर १९९९ साली वीज पडली होती. ते कारखान्यात पाठवून तपासले आणि पुन्हा कामाला लावले. मात्र पात्याची कड झिजू नये म्हणून वर बसवलेल्या पत्र्याच्या सांध्यात, घडणीच्या वेळीच एक घडी राहून गेली होती. तिथून विजेचा चटका आतल्या टिटॅनियमच्या कण्याला बसला. तिथेच पत्र्याखाली चीर धरली आणि पाते फिरता फिरता वाढत गेली. तपासणी झाली होती, पण नजर तिथवर पोचली नाही.

आपल्या कडबाकुट्टीत कधी दगड जातो, खाडकन आवाज होतो. "चालतंय ना" म्हणून सोडू नका. आधी वीज तोडा. चाक, पाती, बोल्ट नीट पाहा. मेकॅनिक आला की "याला मार बसलाय, उघडून बघा" असे आवर्जून सांगा. मार कुठे बसला हे त्याला तुमच्याकडूनच कळणार.