बोलीच्या आधी खाते

जुन्नर परिसरातील लेण्यांत सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद त्यात आहे. दुसऱ्या एका लेखात कासार व बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवल्याचे कोरले आहे. आपल्या कायमी तिथीची ही जुनी बहीणच. ती दाने बौद्ध संघाला होती. तरी कोणी, काय आणि कोणाकडे, हे त्या काळच्या व्यापाऱ्यांनी दगडावर स्पष्ट केले, हे आजच्या पेढीने पाहण्यासारखे आहे.

नारायणगाव, मंचरच्या बाजारात लिलावाला उभे राहणाऱ्या घरांना बोली शिकवावी लागत नाही. पर्युषणात त्रिशलामातेच्या स्वप्नांची बोली, पूर्वी मणभर तुपाच्या हिशोबात बोलली जाणारी, आजही रंगते. अडचण नंतर उद्भवते. मूर्तिपूजक परंपरेत ही रक्कम बहुधा देवद्रव्यात जमा होते आणि देवद्रव्य जिनमंदिर व जिनमूर्ती यांपलीकडे नेता येत नाही. आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांत नेत्रशिबिर घ्यायचे ठरले, तर त्या भरलेल्या खात्याला हात लावता येत नाही. मग कुजबुज सुरू होते आणि विश्वस्तांची कोंडी होते.

म्हणून शिबिरासाठी बोली हवी असेल तर ती निराळी घ्यावी आणि पहिला आकडा उच्चारण्यापूर्वी 'ही रक्कम अनुकंपा खात्यात' असे जाहीर करावे. आकडा चढल्यावर खाते बदलणे म्हणजे दात्याच्या भावनेशी केलेला दगाच होय. जीवदयेचे पैसेही पांजरपोळासाठीच राहावेत.

बोलीबरोबर नकराही ठेवावा. ज्यांचे दुकान यंदा मंदीत आहे, ते कुटुंब चढाओढीच्या सभेत मागच्या रांगेत मान खाली घालून बसते. ठरलेल्या छोट्या रकमेचा नकरा असला की त्या घरच्या सुनेलाही पुढे येऊन लाभ घेता येतो. दोन भावबंदांच्या ईर्ष्येने वाढलेला आकडा वसूल होण्याची शाश्वती नसते, हे अनुभवी मुनीमजी जाणतात.

बोललेली रक्कम विनाविलंब भरावी. पावतीवर खात्याचे नाव असावे. प्राप्तिकराची वजावट हवी असल्यास २००० रुपयांवरील देणगी रोखीने देऊ नये आणि संस्थेस त्यासाठीची मान्यता आहे का, हे आधीच विचारावे. शिबिर झाल्यावर किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुपये उरले, याचा कागद उपाश्रयाच्या फलकावर लावावा, अगदी उरलेली रक्कम शून्य असली तरीही.