प्रार्थनेतील एका शब्दाचे मोल

नाताळ आला की रोमच्या सेंट पीटर चौकात हजारो माणसे जमतात आणि पोप सज्जातून ‘नगराला आणि विश्वाला’ असा आशीर्वाद देतात. लॅटिन भाषेत या आशीर्वादास ‘उर्बी एत ऑर्बी’ म्हणतात. नाताळ, ईस्टर आणि नव्या पोपची निवड या प्रसंगीच तो देण्याचा प्रघात आहे. मात्र २७ मार्च २०२० रोजी, यांपैकी कोणताही प्रसंग नसताना, तो दिला गेला आणि तोही रिकाम्या चौकात. संध्याकाळची वेळ होती व पाऊस पडत होता. त्या दिवशी इटलीत करोनाच्या साथीने एका दिवसात ९०० हून अधिक माणसे दगावल्याची नोंद झाली होती. वृद्ध पोप फ्रान्सिस एकटेच चौक चढून गेले. बाजूला सेंट मार्सेलो चर्चमधील जुना लाकडी क्रूस होता. १५२२ च्या प्लेगात रोमकरांनी हाच क्रूस शहरभर मिरवला होता. वाचन झाले ते मार्कच्या शुभवर्तमानातील वादळाच्या कथेचे. नाव हेलकावे खात आहे, शिष्य भयभीत झाले आहेत आणि येशू निजलेला आहे, अशी ती कथा. त्यावरील प्रवचनात पोप म्हणाले ते थोडक्यात असे, की आपण सारे एकाच नावेत आहोत.

आम्ही जन्मभर कीर्तने केली. समोर श्रोता नसताना देवापुढे उभे राहणे म्हणजे काय, हे त्याच वर्षी आम्हालाही कळले. आषाढीची वारी त्या साली निघाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या गाडीतून पंढरीस गेल्या. म्हणून रोममधील ते दृश्य पाहताना आम्हास ते परके वाटले नाही. पण या लेखाचा विषय ते दृश्य नव्हे. जगभर विखुरलेला समाज संकटकाळी ‘आम्ही’ म्हणून प्रार्थना करतो, तेव्हा त्या ‘आम्ही’त कोण येते आणि कोण वगळले जाते, हा आमचा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांतील घटनांनी तो प्रश्न तीव्र केला आहे.

ख्रिस्ती उपासनेत या प्रार्थनेला फार जुने स्थान आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन नावाच्या धर्मवेत्त्याने रोमन सम्राटास उद्देशून आपल्या धर्माचे समर्थन लिहिले. त्यात, आम्ही एकत्र जमून आमच्यासाठी आणि सर्वत्र असलेल्या इतर सर्वांसाठी प्रार्थना करतो, असे तो सांगतो. येशूने शिष्यांना शिकविलेली जी प्रार्थना आहे, तिच्यात ‘मी’ आणि ‘माझे’ हे शब्द एकदाही येत नाहीत. सारे बहुवचनी आहे. आमच्या वैदिक परंपरेत याला जवळचा दाखला सत्राचा. इतर यज्ञांत यजमान एक, ऋत्विज वेगळे, आणि फळ यजमानाचे. सत्रात निदान सतरा जण बसतात, ते सगळेच ऋत्विज आणि सगळेच यजमान. दक्षिणा कोणी कोणाला द्यायची नाही, फळ सर्वांचे. ख्रिस्ती मंडळीची सामुदायिक प्रार्थना ही अशा सत्रासारखी आहे असे आम्हास वाटते, जरी त्यात अग्नी नाही आणि आहुतीही नाही.

कालांतराने रोमन पूजाविधीत ही सर्वांसाठीची प्रार्थना लोप पावली. फक्त गुड फ्रायडेच्या विधीत ती टिकली. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तिला मिस्सेत पुन्हा स्थान दिले, आणि त्यानंतर वसईच्या चर्चमध्येही ती मराठीतून होऊ लागली. तिचा क्रम ठरलेला आहे. प्रथम ख्रिस्तसभेच्या गरजा, मग राज्यकर्ते व सकल जग, मग कोणत्याही संकटाने गांजलेले लोक आणि सर्वांत शेवटी स्थानिक मंडळी. आपल्या गल्लीचा क्रमांक शेवटी! हा क्रम आम्हास विचार करण्याजोगा वाटला, कारण आमच्याकडे कीर्तन संपता संपता लोक जवळ येऊन “बुवा, आमच्या मुलाचे नाव घ्या” म्हणतात, आणि विश्वासाठी मागणे करणारे पसायदान तोवर म्हणून झालेले असते.

आता शब्दाकडे वळू. गुड फ्रायडेच्या त्याच प्रार्थनांत शतकानुशतके ज्यू लोकांसाठी एक प्रार्थना होती आणि तिच्यात त्यांना ‘पर्फिदिस’ असे विशेषण होते. विद्वान म्हणत, की त्याचा मूळ अर्थ ‘श्रद्धा न ठेवणारे’ एवढाच आहे. पण लोकांच्या कानी तो ‘विश्वासघातकी’ असाच पडे, आणि त्या अर्थाची फळे युरोपातील ज्यू समाजाने किती भोगली हे जगास ठाऊक आहे. १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी तो शब्द काढून टाकला. १९७० च्या नव्या प्रार्थनाग्रंथात सारी प्रार्थनाच नव्याने रचली गेली. एक शब्द गेल्याने जुन्या जखमा भरून आल्या असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्यालाच त्या प्रार्थनेत दूषण द्यायचे, ही विसंगती मात्र संपली.

व्याकरणशास्त्र शिकताना प्रत्येक विद्यार्थ्याला वृत्राची कथा सांगितली जाते. त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. ‘इंद्रशत्रु’ हा शब्द त्याला तत्पुरुष समास म्हणून हवा होता, म्हणजे इंद्राचा संहारक. पण उदात्त स्वर अंत्य अक्षराऐवजी आद्य अक्षरावर पडला, समास बहुव्रीही झाला, आणि ‘इंद्र ज्याचा संहारक आहे तो’ असा अर्थ निघाला. वृत्र इंद्राच्या हातून मेला. आमचे गुरुजी ही कथा सांगून म्हणत, मागणाऱ्याची इच्छा एकीकडे आणि उच्चारलेला शब्द एकीकडे असे झाले तर देवता शब्दाचे ऐकते.

रशियातील एका धर्मगुरूंच्या बाबतीत जे घडले ते या कथेच्या अगदी उलट आहे. तेथे चूक झाली नाही. शब्द जाणूनबुजून बदलला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण आक्रमण केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल यांनी आपल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये म्हणावयाची एक प्रार्थना नेमून दिली, आणि तीत विजय मागितला होता. मॉस्कोतील धर्मगुरू इओआन कोवाल यांनी ती म्हणताना ‘विजय’ या शब्दाच्या जागी ‘शांती’ म्हटले. याबद्दल तक्रार गेली, आणि २०२३ साली त्यांचे धर्मगुरुपद काढून घेण्यात आले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अलेक्सी उमिन्स्की या दुसऱ्या धर्मगुरूंचेही पद ती प्रार्थना म्हणण्यास नकार दिल्याबद्दल गेले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. युक्रेनमध्येही बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीच आहेत. म्हणजे एकाच श्रद्धेचे, एकाच येशूचे नाव घेणारे दोन समाज, आणि एका समाजाच्या वेदीवरून दुसऱ्याच्या पराभवाचे मागणे. युद्धात विजय मागणे माणसाला स्वाभाविक आहे; आमच्या पुराणांतही असे मागणारे राजे कमी नाहीत. रणांगणावर जाणाऱ्या मुलाच्या आईने काय मागावे, हे ठरविणारे आम्ही कोण? पण आईने घरात मागणे निराळे, आणि सर्वांच्या वतीने बोलणाऱ्या धर्मगुरूच्या मुखी ते सक्तीने घालणे निराळे. ज्या क्षणी शब्द न बदलणे ही निष्ठेची कसोटी होते, त्या क्षणी प्रार्थना देवापुढील मागणे न राहता सरकारदरबारी दिलेला जबाब होते. कोवाल यांना नंतर कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कांनी आश्रय दिला व पद परत दिले. एका शब्दासाठी त्यांना देश मात्र सोडावा लागला.

आता कोणी विचारील, आणि आमच्याच घरातील तरुण विचारतात, की दूर बसून प्रार्थना करून होते काय? हा आक्षेप आम्ही झटकून टाकणार नाही. मीमांसक दृष्ट फळ आणि अदृष्ट फळ असा भेद करतात, आणि अदृष्टाच्या पडद्याआड लपणे सोपे असते. ‘प्रार्थना करतो’ म्हणून हात झटकणारे लोक सर्व धर्मांत आहेत. याचे उत्तर शास्त्रात शोधण्यापेक्षा गाझातील एका लहानशा चर्चकडे पाहावे.

पवित्र कुटुंबाच्या नावाने असलेले हे गाझा शहरातील एकमेव कॅथलिक चर्च. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर सुमारे ५०० माणसे त्याच्या आवारात आसऱ्याला आली. पोप फ्रान्सिस तेथे जवळजवळ रोज संध्याकाळी दूरध्वनी करीत. उपदेश फारसा नसे. काय जेवलात, मुले कशी आहेत, एवढेच विचारणे. २०२५ च्या आरंभी ते स्वतः न्यूमोनियाने रुग्णालयात होते, तेव्हाही तेथून त्यांचे दूरध्वनी जात राहिले. शेवटचा दूरध्वनी १९ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी, झाला. २१ तारखेस त्यांचे निधन झाले. त्या दूरध्वनींनी बाँब थांबले नाहीत. परंतु जगाच्या हिशेबात जे केवळ आकडे झाले होते, त्यांची रोज कोणी नावानिशी चौकशी करीत होते. आम्ही संकल्प सोडताना नाव आणि गोत्र का उच्चारतो? देवाला पत्ता ठाऊक नसतो म्हणून नव्हे.

१७ जुलै २०२५ रोजी त्या चर्चवर तोफगोळा आदळला. तिघे मरण पावले, आणि तेथील धर्मगुरू जखमी झाले. इस्रायलने खेद व्यक्त केला व तो गोळा भरकटला असे सांगितले. दुसऱ्याच दिवशी जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क कार्डिनल पिझाबाला आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क थिओफिलोस हे दोघे मिळून गाझात गेले. एरवी पवित्र स्थानांच्या हक्कांवरून ज्या दोन परंपरांचे शतकानुशतके वाद, त्यांचे प्रमुख एकत्र त्या भग्न आवारात उभे राहिले. रविवारी, २० जुलैस, पिझाबाला यांनी तेथेच मिस्सा अर्पण केली. त्याच दिवशी इटलीतील कास्टेल गांडोल्फो गावी नवे पोप चौदावे लिओ यांनी दुपारची प्रार्थना झाल्यावर, जमलेल्या लोकांसमोर, त्या तीन मृतांची पूर्ण नावे एकेक करून उच्चारली.