सहा फुटांचा रॅम्प

‘शाळेत रॅम्प आहे का?’ या रकान्यात ‘होय’ लिहायला मुख्याध्यापकांना क्षणही लागत नाही. तो चढता येतो का, हे कळायला मात्र चाकाच्या खुर्चीत बसावं लागतं. हिशेब सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचं जोतं दीड फूट असेल तर उतार अठरा फुटांचा हवा. कंत्राटदार तो सहा फुटांत उरकतो, वर गुळगुळीत कोबा घालतो, कठड्याला फाटा देतो. (पावसाळ्यात पोरांना छान घसरगुंडी मिळते, हा भाग वेगळा.) वर पोहोचलात तरी स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जात नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात अडथळाविरहित प्रवेश आहे, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांतल्या कित्येक मुलांना रॅम्प नकोच आहे. ब्रेलचं पुस्तक हवंय, खुणांची भाषा जाणणारं माणूस हवंय. पण विशेष शिक्षक पडला फिरता, अनेक शाळांत वाटलेला. सिमेंटचं बिल एकदाच काढावं लागतं, त्याचा पगार दरमहा. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी रॅम्पचा फोटो काढण्याआधी खुर्चीतून वर्गापर्यंत एक फेरी मारावी, कुणीही मागून न ढकलता.