वस्तीचा आधार : पंधरा दिवस भूक थांबते, पुढे काय?

मागच्या जुलैमध्ये, पुण्यातल्या ज्या वस्तीत मी काम करते तिथला सेंट्रिंगचे काम करणारा एक दादा परांचीवरून पडला. मांडीचे हाड मोडले. घरात बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. कुटुंब मूळचे लातूर जिल्ह्यातले, पुण्यात येऊन अकरा वर्षे झालेली. अपघाताच्या दिवसापासून पुढचे तीन महिने हे घर कसे चालले, कोणी काय दिले, काय संपले, याच्या नोंदी मी कामाचा भाग म्हणून वहीत ठेवल्या होत्या. ती वही परवा पुन्हा काढली. ‘आपला समाज कोणाला उपाशी ठेवत नाही’ हे वाक्य जयंतीच्या व्यासपीठावरून आपण ऐकतो आणि ‘समाज कोणाच्या उपयोगी पडत नाही’ हे व्यासपीठाच्या मागे उभे राहून ऐकतो. वहीतला हिशेब या दोन्हींशी जुळत नाही.

पहिल्या रात्री शेजारच्या काकूंनी न विचारता भाकरी आणि पिठले पाठवले. वहिनी सरकारी रुग्णालयात होत्या, मुले तीन घरांत वाटून जेवली आणि झोपली. वहिनी स्वतः दवाखान्याजवळच्या केंद्रावर दहा रुपयांची शिवभोजन थाळी खात होत्या, तीही दिवसातून एकदाच. तिसऱ्या दिवशी विहारातल्या महिला मंडळाने दहा किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ आणि तेलाची पिशवी पोहोचवली. किराणावाल्याने उधारीची वही पुढे ओढली. वस्तीत वीस जणींची पाचशे रुपयांची भिशी चालते. त्या महिन्याचे दहा हजार दुसऱ्याच एका ताईच्या नंबरचे होते, मुलीच्या कॉलेजची फी त्यातून भरायची होती. तिने नंबर सोडला. ‘फीला मुदत मागता येते, पोटाला कुठं मागायची,’ एवढेच ती म्हणाली आणि निघून गेली.

यात कोणी अर्ज मागितला नाही. उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेला मोबाईल नंबर, रहिवासी पुरावा, काहीच नाही. त्या घरातून दोन दिवस फोडणीचा वास आला नाही, हाच पुरावा. सरकारची कोणतीही योजना एवढ्या वेगाने पोहोचू शकत नाही आणि हे त्या योजनांचा दोष म्हणून सांगत नाही. वस्तीची मदत जवळून दिसते त्यावर चालते, सरकारची कागदावर. दोन्हींचे काम वेगळे आहे. मंडळाने धान्य रात्री नऊनंतर नेले, फोटो काढला नाही, ग्रुपवर टाकला नाही, हेही इथे नोंदवून ठेवते. लॉकडाऊनमध्ये याच वस्तीत पाच किलोच्या पिशवीसाठी बायकांना कॅमेऱ्यासमोर उभे केलेले मी पाहिले आहे. त्यातल्या काही जणी पुढच्या वेळी रांगेत आल्याच नाहीत.

अठराव्या दिवशी वहीतल्या नोंदी एकदम विरळ होतात. याचे कारण माणसांची माया आटली हे नव्हे. जुलै-ऑगस्टच्या पावसात बांधकामे मंदावतात, म्हणजे त्या गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घराची मजुरी एकाच वेळी कमी होते. ज्याने द्यायचे आणि ज्याला हवे, त्या दोघांचाही डबा एकाच आठवड्यात रिकामा. समाजशास्त्र शिकताना ‘गरिबांचे आधाराचे जाळे’ यावर मी पानेच्या पाने लिहिली होती. ते जाळे एकाच धाग्याचे विणलेले असते, हे वस्तीत कळले. एका घरावर संकट आले तर ते पेलते. सगळ्यांवर एकदम आले, जसे 2020 च्या टाळेबंदीत आले, तर ते जाळेच खाली येते.

आणि मग आला मंगळवार. मंगळवारी गटाचा हप्ता असतो.

दादा-वहिनींवर दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांचे कर्ज होते, दोन्हींचे मिळून महिन्याला साडेचार हजार जात. कर्ज घेताना घरात दादाचे चौदा हजार आणि वहिनींचे तीन घरच्या धुण्याभांड्याचे सहा हजार, असे वीस हजार येत होते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा कर्जांचे हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असू नयेत. हे तर पाव हिश्श्याहूनही कमी होते, कागदावर सगळे नियमात. दादा पडला त्या दिवशी उत्पन्न सहा हजारांवर आले, हप्ता साडेचार हजारच राहिला. ‘लाडकी बहीण’चे 1500 खात्यात आले की त्याच दिवशी हप्त्याकडे वळत. एका मंगळवारी पैसे नव्हते. वसुलीवाला गटातल्या इतर चौघींना घेऊन दारात बसला. एकीने थकवले तर बाकीच्यांनी भरायचे, असा तो व्यवहार. त्या चौघींपैकी दोघी भिशीतल्याच होत्या, त्यातली एक तर ज्या काकूंनी पहिल्या रात्री भाकरी पाठवली त्यांची सून.

आपण ‘समूह’, ‘एकजूट’, ‘महिलांचा गट’ हे शब्द सरसकट चांगल्या अर्थाने वापरतो. इथे त्याच गल्लीतल्या त्याच बायका होत्या. भिशीत त्यांनी नंबर सोडला, कर्जगटात उंबऱ्यावर बसल्या. स्वभाव बदलला नव्हता. भिशीचे नियम त्यांनी स्वतः बसून ठरवले होते, कर्जाचे नियम दुसऱ्या कोणी ठरवून त्यांची ओळखपाळख तारण म्हणून वापरली होती. त्या संध्याकाळनंतर महिनाभर दोन घरांत बोलणे बंद होते. अडचणीच्या काळात त्या घराने शेजार गमावला, याची नोंद कोणत्याही सर्वेक्षणात येणार नाही.

आता सरकारकडे वळू. कर्ज देणाऱ्यासाठी गरीब कुटुंब म्हणजे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेले. ‘लाडकी बहीण’साठी अडीच लाख. स्वस्त धान्याच्या प्राधान्य यादीत शहरी कुटुंबाला बसायचे असेल तर राज्याने 2013 मध्ये ठरवलेली मर्यादा 59 हजार. आणि ‘संजय गांधी निराधार’साठी 21 हजार. चार खिडक्या, चार प्रकारचे गरीब. कर्जाची खिडकी सगळ्यात मोठी आणि धान्याची तिच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान. एकट्या वहिनींची कमाई वर्षाला 72 हजार होते, म्हणजे नवरा खाटेवर आणि घरात पाच तोंडे असतानाही हे कुटुंब धान्यासाठी ‘श्रीमंत’. मग लोक काय करतात? दाखल्यावर कमी उत्पन्न लिहून घेतात आणि आयुष्यभर त्या खोट्याच्या धाकात राहतात, दुकानदाराशीही मान खाली घालून बोलतात. धान्य मिळते, पण आपण चोरून खातोय असे वाटत राहते. हा त्या माणसांचा दोष नाही, बारा वर्षांत न बदललेल्या आकड्याचा आहे.

रेशनकार्डाची कथा आणखी लांब. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हा हक्क दिला. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे गावचे कार्ड पुण्यातही चालते. पण या कुटुंबाची नावे गावाकडे थोरल्या भावाच्या कार्डावर होती आणि त्यांचा वाटा गावीच उचलला जात होता. भावाशी भांडायचे की उपाशी राहायचे, असा प्रश्न. नावे कमी करून पुण्यात वेगळे कार्ड काढायला गेलो तर परिमंडळ कार्यालयात उत्तर मिळाले, इष्टांक संपला आहे. कायद्यातले लाभार्थी 2011 च्या जनगणनेवर मोजलेले, महाराष्ट्रासाठी सुमारे 7 कोटी. पुढची जनगणना 2027 मध्ये. मधल्या काळात शहरात आलेली, वेगळी राहू लागलेली, जन्मलेली माणसे मोजणीत नाहीत, पण त्यांना भूक लागते.

सलग चार खेपा घातल्यावर मार्ग निघाला. त्यातल्या तीन खेपा मी घातल्या नाहीत, विहारातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने घातल्या. ऑनलाइन अर्ज तिने भरला, पोच तिने मागून घेतली, ‘नंतर या’ म्हणणाऱ्याकडून तारीख तिने लिहून घेतली. मला या सगळ्या हिशेबात सगळ्यात मोलाची मदत हीच वाटते. दहा किलो तांदूळ पंधरा दिवसांत संपतात. कार्ड झाले तर या घराला महिन्याला 25 किलो धान्य येईल, दर महिन्याला, कोणाचे उपकार न घेता. वस्तीच्या खिशातून एवढे देणे कोणत्याही मंडळाला परवडणारे नाही.

याचा अर्थ मूठभर धान्य देणे व्यर्थ आहे, असा नाही. हिशेब करून पाहा : 60 घरांनी रोज साधारण 40 ग्रॅमची एक मूठ बाजूला काढली तर महिन्याला 72 किलो धान्य जमते. कार्ड होईपर्यंत दोन-तीन कुटुंबे त्यावर तगतात. पण काय द्यायचे, याचा विचार हवा. पाच माणसांच्या कष्टकरी घराला महिन्याला 40-45 किलो धान्य लागते, हा वस्तीतला अनुभव. रेशनचा तांदूळ-गहू त्याच्या निम्म्याला पुरतो. डाळ, तेल, भाजी, अंडी आणि गॅस यांना कोणीच पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) राज्यातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ती सगळी उपाशी झोपणारी मुले नव्हेत, त्यातली कितीतरी भात आणि तिखट खाऊन पोट भरणारी असतील. आमच्या मंडळाने म्हणूनच आता तांदूळ देणे कमी केले आहे. डाळ, शेंगदाणे, तेल आणि गरज पडल्यास सिलिंडरचे पैसे, असे ठरले. यावर मंडळात वाद झाला. ‘तांदूळ दिसतो, डाळ दिसत नाही,’ असे एक आजी म्हणाल्या. बरोबरच होते त्यांचे.

धान्य हा दयेचा नाही, हक्काचा प्रश्न आहे, हे आपल्या चळवळीला कोणी नव्याने सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1964 पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली मागणी सगळ्यांना आठवते. त्याच यादीत धान्याचे पुरेसे वाटप, भाववाढीवर नियंत्रण, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी आणि झोपडपट्ट्यांची सुधारणा याही मागण्या होत्या. बायका कडेवर पोरे घेऊन तुरुंगात गेल्या. आज अन्न सुरक्षा कायदा आहे, त्यात रेशन दुकानांवर देखरेखीसाठी दक्षता समित्यांची तरतूद आहे आणि त्या समित्यांवर अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि निराधारांना प्रतिनिधित्व द्यावे, असे कायद्यातच लिहिले आहे. आपल्या वॉर्डातल्या समितीवर कोण आहे, हे मी पाच विहारांत विचारले. एकाही ठिकाणी सांगता आले नाही. जयंतीच्या मिरवणुकीचा डीजे कितीला ठरला, हे मात्र पाचही ठिकाणी रुपयांत माहीत होते. मिरवणूक नको असे मी म्हणत नाही, मीही नाचते. पण वर्गणीचा एक हिस्सा आजारपण आणि अपघातासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा, हा ठराव दोन वर्षे आमच्याच मंडळात पडून आहे.

आणखी एक अवघड गोष्ट. वस्तीची मदत सगळ्यांना सारखी मिळत नाही. हा दादा कष्टाळू, निर्व्यसनी, त्याची आई दर रविवारी वंदनेला हजर. त्याच गल्लीच्या टोकाला नवऱ्याने टाकलेली एक बाई राहते. मंडळात नाही, भिशीत नाही, तिच्याबद्दल लोक काहीबाही बोलतात. मागच्या वर्षी ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागितला गेला तेव्हा ती अडकली. वडील वारलेले, नवरा बेपत्ता. तिच्या घरी मूठभर धान्य गेल्याची नोंद माझ्या वहीत नाही. पलीकडे बिहारहून आलेली भाडेकरू कुटुंबे आहेत, तीही नाहीत. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीची गोष्ट आहे. बैल हरवलेला एक गरीब शेतकरी दिवसभर रानात शोधून उपाशीपोटी उशिरा येतो. बुद्ध त्याच्यासाठी थांबतात, आधी त्याला जेवू घालायला लावतात आणि मग उपदेश करतात. भिक्खूंमध्ये त्यावर कुजबुज होते. ही गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो, पण आपल्या गल्लीतला उशिरा येणारा कोण, असे कोणी विचारत नाही. मीही त्या बाईच्या दारात पहिल्यांदा गेले ते ऑक्टोबरमध्ये.

दादा आता कुबडीशिवाय चालतो, परांचीवर चढत नाही, एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन आहे. बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी कधीच झाली नव्हती, कारण 90 दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदाराने दिला नाही. गल्लीतल्या आणखी अकरा जणांची तीच स्थिती आहे, त्यांचे अर्ज आम्ही भरायला घेतले आहेत. उधारी सहा हजार उरली आहे. ती दोन घरे पुन्हा बोलू लागली, पण कर्जाचा गट मोडला.

कायद्यानुसार रेशनकार्ड घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या स्त्रीच्या नावावर निघते, म्हणून नवे कार्ड आजींच्या नावाने आहे. ई-केवायसीसाठी त्यांचे बोट यंत्रावर दोनदा ठेवून पाहिले, ठसा उमटत नाही. साठ वर्षे खुरपे धरलेली बोटे ती. येत्या सोमवारी मोबाईलवर चेहरा दाखवून प्रयत्न करायचा आहे. अभ्यासिकेतली मुलगी येणार आहे आणि गल्लीच्या टोकाच्या त्या ताईलाही तिचे कागद घेऊन बोलावले आहे.